दिवा वाढवत जा

१

उजेड दिसला पाहिजे, दिवा दिसता कामा नये. आमच्या धंद्याचं शास्त्र एवढंच आहे आणि ते कुणाला पटत नाही. जयसिंगपूरच्या मंगल कार्यालयवाल्याला दारात जांभळा पाहिजे असतो, पन्हाळ्याच्या हॉटेलवाल्याला बागेतल्या जुन्या भिंतीवर हिरवा पाहिजे असतो. पागेच्या विहिरीचं काम आलं तेव्हा महापालिकेच्या कचेरीतल्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "मॅडम, रंग बदलणारे बसतील काय? सेल्फी पॉइंट झाला पाहिजे." मी म्हणाले, "साहेब, विहीर आहे ती, ऑर्केस्ट्रा नाही." कृष्णातनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

कृष्णात माझा नवरा. पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर बसायचो, म्हणून अरे-तुरे. अहो फक्त सासूबाईंसमोर. मी नकाशे काढते, कुठला दिवा कुठं बसवायचा आणि किती वळवायचा ते ठरवते. तो वायरी ओढतो, फिटिंग बसवतो आणि माझ्या तोंडामुळं दुखावलेली माणसं सांभाळतो. चौदा वर्षं आम्ही असंच चालवतोय. मूलबाळ नाही, माझे आईवडील नाहीत. माझं म्हणून जे काही आहे ते कृष्णात आहे, आणि हे मी त्याला कधी सरळ सांगितलेलं नाही.

विहीर पेठेच्या टोकाला, पंचगंगेकडं उतरणाऱ्या रस्त्याला आहे. कधीकाळी पागेतली घोडी तिथं पाणी प्यायची म्हणे. काळ्या दगडाचा एक सरळ जिना खाली जातो. वरून सत्तावीस पायऱ्या उघड्या, पुढच्या पाण्यात. अकराव्या पायरीला उजव्या हाताच्या भिंतीत देवळी, म्हणजे दिवा ठेवायचा कोनाडा. विसाव्या पायरीवर कमान. वर चौक आहे, तिथं भेळेच्या गाड्या, बाकडी, संध्याकाळी खेळणारी पोरं. काम दोन्हींचं होतं, विहिरीचं आणि चौकाचं. माझा नकाशा साधा होता. चौकात बाकड्यांच्या पोटातून मंद उजेड. जिन्याच्या तोंडाशी दोन दिवे, एक डावीकडं, एक उजवीकडं, खाली उतरणाऱ्या माणसाला पायरी दिसेल असे. कमानीच्या आतून एक, सरळ पाण्याकडं तोंड केलेला. आणि देवळीत एक छोटासा, तीन वॉटचा.

दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी जिन्याच्या तोंडाशी दिवा धरून बघताना माझी बांगडी दगडावर आपटली.

"फुटली बघ," मी म्हणाले.

"फुटली काय म्हणतीस? वाढली म्हण," कृष्णात वर न बघता म्हणाला. "आईनं ऐकलं तर बिनपाण्यानं करंल तुझी."

"बरं, वाढली."

"आता दिवा वाढव जरा. हिकडं अंधार हाय."

मी डिमरचं बटण फिरवलं, उजेड वाढवला, आणि आम्ही कामाला लागलो.

२

देवळीला तेलाचा काळा थर होता. तो बोटानं खरवडत मी उभी होते तेव्हा वरून आवाज आला, "त्याला हात लावू नगंस बाई."

ती आक्का. चौकाला लागून तिची एक खोली आहे. वय विचारलं तर ती सांगत नाही, पण ऐंशीच्या अलीकडं नक्की नाही. विहिरीची झाडलोट तिच्या सासूकडून तिच्याकडं आलेली. आठवडाभर ती आमच्याशी बोलली नाही, नुसती कट्ट्यावर बसून बघायची. आम्ही पाच वाजता सामान गोळा करून घरी जायचो, तेव्हा ती तिथंच बसलेली असायची.

त्या दिवशी तिच्या हातात पिशवी होती. "मी चाललो लेकीकडं, गडहिंग्लजला," ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'चाललो'च म्हणतात. "डोळ्याचं आप्रेशन हाय. म्हैना लागंल, दोन बी लागतील. एक काम सांगू काय?"

"सांगा की."

"सांजचा ह्यो देवळीतला दिवा वाढवत जा. एक दिस बी चुकवू नगंस."

"आम्ही इथं कायमचा बसवणार आहोत, आक्का. तेलाचा नाही, विजेचा."

तिनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. डोळ्यांवर पडदा आलेला, तिला मी किती दिसत होते कुणास ठाऊक. "कसला बी असंना," ती म्हणाली. "लावलास म्हंजी वाढवायलाच पायजे. शबूद दे."

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर मला भरून आलं. कचेरीतल्या चार इंजिनिअरांना जे कळत नव्हतं ते ह्या बाईला कळलं होतं, असं मला वाटलं. दिवा एकदम भसकन लावायचा नसतो, डोळ्याला सवय करत करत वाढवायचा असतो. उद्घाटन पंचेचाळीस दिवसांवर होतं. मी कंट्रोलरवर बसून देवळीच्या दिव्याचा कार्यक्रम लावला. पहिल्या दिवशी दहा टक्के, मग रोज दोन टक्के वाढ, उद्घाटनाला पुरे शंभर. रोज पावणेसहाला आपोआप लागणार, उजाडेपर्यंत जळणार. चुकायचा प्रश्नच नव्हता.

"म्हातारीनं तुला डिमर शिकवला की," कृष्णात म्हणाला.

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय तिला."

"व्हय, ते खरं हाय."

आक्का रिक्षात बसली. तिनं मागं वळून विहिरीकडं नाही, आमच्याकडं बघितलं.

३

देवळीचा दिवा लागून पाच दिवस झाले तेव्हा आम्ही पहिली ट्रायल घेतली. ट्रायल म्हणजे सूर्य मावळला की सगळे दिवे लावायचे आणि माणूस जिन्यावर चालवायचा. कुठं डोळ्यावर येतंय, कुठं पायरी बुडतेय, कुठं सावली आडवी येतेय ते वर बसून टिपून घ्यायचं. माणूस अर्थात कृष्णात. खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवून तो देवळीजवळ उभा राहिला.

सावल्या मोजणं ही माझी खोड आहे. लोक लग्नात जेवणावळी बघतात, मी मांडवातल्या सावल्या बघते. अंगावर जेवढे दिवे पडतात तेवढ्या सावल्या, ह्यात फसवाफसवी होत नाही. कृष्णातच्या अंगावर तीन दिवे पडत होते. जिन्याच्या तोंडाशी असलेल्या दोघांच्या दोन सावल्या खाली पाण्याकडं गेलेल्या. देवळीच्या दिव्याची एक, आडवी, समोरच्या भिंतीवर. कमानीचा दिवा पाण्याकडं बघत होता, त्याचा कृष्णातशी संबंध नव्हता.

चौथी सावली वर पडली होती. त्याच्या पायाशी सुरू होऊन पायऱ्या चढत, उजव्या भिंतीवर, माझ्या बाजूला. फिकट होती, पण होती.

"हलू नकोस," मी म्हणाले.

"पाय वळालाय माझा."

"हलू नकोस म्हणते ना."

सावली वर पडते म्हणजे उजेड खालून येतो. खाली तर पाणी. मग माझं मलाच हसू आलं. कमानीचा दिवा पाण्यात दिसत असणार. पाणी म्हणजे आरसाच. दिवा पाण्यापासून चौदा फूट वर, म्हणजे त्याचं प्रतिबिंब चौदा फूट खाली, आणि सावली जणू तिथूनच आलेली. शाळेतलं पोरगंही सांगेल.

तरी मी दोरी काढली. गवंड्याची दोरी भिंतीवरच्या सावलीच्या डोक्याला लावायची, माणसाच्या डोक्यावरून ताणायची, आणि पुढं ती जिथं जाते तिथं दिवा असतो. दोन ठिकाणी उभं करून दोनदा केलं तर दिव्याची जागा नेमकी निघते. कागदावर आकडा आला, पाण्याखाली बावीस फूट. चौदा यायला पाहिजे होते.

बावीस फुटांवर तर विहिरीचा तळच होता.

"दोरी सैल धरलीस," मी कृष्णातला म्हणाले. तो म्हणाला असंल, आणि आम्ही भेळ खाऊन घरी गेलो.

४

दर आठवड्याला ट्रायल असायची. बाराव्या दिवशी पुन्हा दोरी लावली. चौदा फूट. अगदी बरोबर चौदा.

मी एवढी खूश झाले की कृष्णातला तांबड्या रश्श्याचं जेवण घातलं. मागच्या वेळची दोरी खरंच सैल होती. "बघ, मी म्हणत नव्हते?" असं मी त्याला निदान चार वेळा ऐकवलं. त्यानं चारही वेळा मान हलवली. जेवताना तो म्हणाला, "संयू, खाली उभारलं की पाठ गार पडती आणि तोंड गरम. कमानीचा दिवा लई तापालाय काय?"

"एलईडी कशाला तापतोय?"

"मग माझंच तोंड तापत असंल," तो म्हणाला आणि रस्सा मागितला.

५

विसाव्या दिवशी आठ फूट आलं.

पाण्याची पातळी तीच होती. सत्ताविसाव्या पायरीवर मी खडूची रेघ मारून ठेवली होती, पाणी तिला टेकून होतं. कमानीचा दिवा तसूभर हललेला नव्हता. मी तीनदा दोरी लावली आणि तीनदा आठ. चौथी सावली आता फिकट नव्हती, बाकीच्या तिघींपेक्षा काळी होती.

मी कमानीचा दिवा बंद केला. पाण्यातलं प्रतिबिंब गेलं. चौथी सावली जागची हलली नाही.

जिन्याच्या तोंडाचे दोन्ही बंद केले. त्यांच्या सावल्या गेल्या. ही राहिली. आता जळत होता तो फक्त देवळीतला, अठ्ठेचाळीस की पन्नास टक्क्यांवर. तोही मी बंद केला असता. हात बटणावर होता. पण एक दिवसही चुकवू नको, असं आक्का म्हणाली होती आणि मी शब्द दिला होता. एका म्हातारीचा एवढासा दिवा, त्याचा ह्यात काय दोष, असा मी विचार केला आणि हात काढून घेतला.

"काय चाललंय वर? लावा की लाईट," कृष्णात ओरडला. मग कंटाळून तो पायरीवर बसला आणि त्यानं पिशवीतून भडंगाचा पुडा काढला. देवळीच्या उजेडानं पडलेली त्याची सावली समोरच्या भिंतीवर बसली.

माझ्या बाजूची उभीच राहिली.

मी किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. भडंगाचा पुडा संपेपर्यंत नक्की. मग तो हात झाडत उठला, आणि उठताना भिंतीवरची सावली आणि तो पुन्हा एक झाले, जणू ती त्याची वाट बघत थांबली होती.

मला भीती वाटली. तेव्हाच मान्य करायला पाहिजे होतं. पण मी वीस वर्षं उजेडाचं काम करते आणि उजेड सरळ रेषेत जातो एवढंच मला माहीत आहे. म्हणून मी स्वतःला सांगितलं की दमल्यावर डोळा एखादी जुनी आकृती धरून ठेवतो, हे पुस्तकात आहे. कृष्णातला फक्त म्हणाले, "इथून पुढं अंधार पडल्यावर खाली थांबायचं नाही."

"का गं?"

"मी सांगते म्हणून."

"बरं बाई," तो म्हणाला. तो माझं नेहमी ऐकायचा.

६

एव्हाना सगळेच दिवे टायमरवर घेतले होते. एकतिसाव्या दिवशी दुपारी देवळीजवळच्या वायरींच्या जोडपेटीत ओल आली. पेटी बदलायला पाहिजे होती. "तू नवी घेऊन ये, मी तवर जुनी सोडवतो," कृष्णात म्हणाला. मी घड्याळ बघितलं, साडेचार. "दिवस मावळायच्या आत वर ये." तो म्हणाला, व्हय.

शांतिनाथकाकांचं विजेच्या सामानाचं दुकान चौकामागच्याच गल्लीत आहे. त्यांच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून गल्लीत सगळ्यात आधी त्यांचं शटर खाली येतं. मला पाहिजे ती पेटी माळ्यावर होती. काकांनी शिडी लावली, चार खोकी उतरवली, मध्ये एका गिऱ्हाइकाशी बटणाच्या कंपनीवरून वाद घातला. पेटी हातात आली तेव्हा साडेपाच झाले होते.

"घ्या ताई. आता दुकान वाढवतो, घरी ताट थांबलंय."

मी पेटी पिशवीत घालत होते. हात थांबला.

"काय म्हणालात, काका?"

"दुकान वाढवतो म्हटलं. बंद करतो असं म्हणू नये सांजच्या वक्ताला."

"आणि दिवा? दिव्याला काय म्हणतात?"

"त्यालाबी वाढवणंच म्हणायचं की. विझला असं तोंडानं काढू नये. तुमच्या पिढीला कुठलं माहीत असायचं." ते कुलूप शोधत होते. "आता आक्काचंच बघा. मी शाळेत असल्यापासून बघतोय. रोज सांजच्याला देवळीत पणती लावायची, दहापतोर आकडे म्हणायची, आणि अशी चिमटीत ज्योत धरून वाढवायची. फुंकर न्हाय, पदर न्हाय. आमचे वडील म्हणायचे, आक्का, तेल वाचवतीस काय? तर म्हणायची, वरचा वाढवला की खालचा वाढतोय."

बांगडी वाढली. हे मला माहीत होतं. दुकान वाढवलं, हेही मी लहानपणापासून ऐकलेलं. फक्त दिवा हा एकच शब्द असा होता की तो माझ्या धंद्याचा होता, आणि दिवा वाढव म्हटलं की माझा हात बटण उजवीकडं फिरवायचा. वीस वर्षं फिरवत आले होते.

काकांकडं आक्काच्या लेकीचा नंबर होता. लेकीनं आक्काला फोन दिला.

"वाढवलास न्हवं रोज?" आक्कानं पहिलं हेच विचारलं.

"वाढवला, आक्का. रोज थोडा थोडा."

पलीकडं टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला.

"थोडा थोडा म्हंजी?"

मी सांगितलं. दहा टक्के, दोन टक्के, रात्रभर, सगळं सांगितलं. मला वाटलं ती शिव्या घालेल. घालायला पाहिजे होत्या.

"किती दिस झालं?"

"एकतीस."

"खाली कोण हाय काय आत्ता?" आक्का म्हणाली.

७

विहिरीत फोन लागत नाही. तरी मी पळता पळता तीनदा लावला. चौकात भेळवाले गाड्या मांडत होते, पोरं क्रिकेट खेळत होती, एक चेंडू माझ्या पायात आला. मी जिन्याच्या तोंडाशी पोहोचले आणि पावणेसहा झाले. टायमरचा टक आवाज आला आणि माझे सगळे दिवे लागले.

काम फार चांगलं झालं होतं. तेवढ्यातही मला ते दिसलं, आणि त्याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही. काळा दगड मऊ दिसत होता, प्रत्येक पायरीची कड वेगळी, कमान आपोआप पुढं आलेली. एकही दिवा डोळ्यावर येत नव्हता. अकराव्या पायरीवर कृष्णात चपला काढून, पेचकस दातात धरून उभा होता.

मी तिथल्याच स्विचच्या पेटीचं दार उघडलं आणि मेन स्विच खाली ओढला.

चारही दिवे गेले. वर आभाळात थोडा उजेड उरला होता, जिन्यात नाही. मला वाटलं वाढवला. आक्काच्या अर्थानं वाढवला. मी श्वास सोडला.

मग हळूहळू मला पायऱ्या दिसायला लागल्या.

देवळीचा दिवा बंद होता, मी खात्री केली. पायऱ्या खालून उजळत होत्या. पिवळट, तेलाच्या दिव्यासारखा उजेड, कमानीच्या पलीकडून. दोरी लावायची गरज नव्हती. तो आता पाण्याखाली नव्हता.

"लाईट का घालवलीस?" कृष्णातनं पेचकस तोंडातून काढून विचारलं. त्याचा आवाज रोजचाच होता.

"वर ये. आत्ता."

"येतो की. पण खालनं कोण बॅटरी मारालंय बघ. कोण हाय ओ पावणं?" तो पाण्याकडं वळला आणि त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"कृष्णा, खाली बघू नकोस. माझ्याकडं बघ. माझ्याकडं बघत चढ."

त्यानं ऐकलं. तो माझं नेहमी ऐकायचा. तो वळला आणि माझ्याकडं बघून हसला, मला एवढं घाबरलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं म्हणून हसला असेल. उजेड त्याच्या पाठीमागं होता, त्यामुळं ते हसू मला नीट दिसलंही नाही. त्याची एकच सावली पडली होती. पायऱ्या चढून, उजव्या भिंतीवर, खांद्याला पिशवी अडकवलेली, डोकं माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर.

त्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी भिंतीवर आणखी दोन सावल्या आल्या. लांबट होत्या, पुढं निमुळत्या, मध्ये सांधे असलेल्या. घाई नव्हती त्यांना. दहा आकडे म्हणत असाव्यात तेवढ्या सावकाश त्या जवळ आल्या.

मला कळायला वेळ लागला की ती बोटं आहेत. एक अंगठा आणि एक बोट.

ती मिटली आणि अंधार झाला.

८

अग्निशमनवाल्यांनी तीन दिवस पाणी उपसलं. गाळ निघाला, दोन घागरी, घोड्याचा नाल. चपला अकराव्या पायरीवर होत्या. कागदावर पाय घसरून असं लिहिलंय. मी सही केली, दुसरं काय लिहायला सांगणार होते?

उद्घाटन माझ्याशिवाय झालं. साहेबांनी रंगीत दिवे बसवले नाहीत, नकाशा होता तसाच ठेवला. सासूबाई तेरा दिवस माझ्याजवळ राहिल्या, बांगड्यांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही त्या वाढवल्या नाहीत.

मी रोज संध्याकाळी विहिरीवर जाते. देखभालीचं काम आमच्याकडंच आहे, कंट्रोलरची चावी माझ्याकडं असते. पहिल्यांदा गेले ती देवळीचा दिवा काढून टाकायला. हातोडी घेऊन गेले होते. पण पावणेसहा झाले, दिवे लागले, जिना रिकामा होता, आणि उजव्या भिंतीवर सावली होती. खांद्याला पिशवी. मान जरा वर केलेली, माझ्याकडं बघत चढ म्हणाले होते तशी.

मी हातोडी ठेवली आणि पायरीवर बसले. मी तिच्याशी बोलले. मी देवळीचा दिवा कमी करून बघितला तेव्हा ती फिकट झाली. अजून कमी केला तर खांद्यावरची पिशवी दिसेना. मी घाबरून बटण उलटं फिरवलं, तेव्हा कुठं ती परत आली.

तेव्हापासून असंच चाललंय. रोज ती आदल्या दिवशीपेक्षा थोडी फिकट असते आणि तेवढी दिसायला रोज थोडा उजेड जास्त लागतो. तीन वॉटचा पुरेना म्हणून सहाचा घातला, मग बाराचा. काल दोरी घेऊन मी स्वतः पायरीवर उभी राहिले आणि माझ्या सावलीवरून खालच्या दिव्याची जागा काढली. दोरी सोळाव्या पायरीवर टेकली. आज कदाचित पंधरावी असेल. वर पायरीला पाय सोडून पोरं भेळ खात बसलेली असतात. त्यांना मी हाकलते, ती हसतात आणि परत येतात. नवीन दिवे लागल्यापासून चौक भरलेला असतो, साहेब म्हणतात गर्दी दुप्पट झाली.

मला सगळं कळतं. वेड लागलेलं नाही मला.

आक्का गडहिंग्लजहून परत आलीय. ऑपरेशन काही जमलं नाही, तिला आता काहीच दिसत नाही आणि जिना उतरता येत नाही. दिवेलागणीला ती दारात बाजेवर बसते आणि माझी चप्पल ओळखते. "आता तुला अर्थ कळलाय न्हवं," असं पहिल्या दिवशी ती म्हणाली आणि माझा हात धरून रडली होती. त्यानंतर ती रोज एवढंच विचारते.

"वाढवलास न्हवं, बाई?"

"वाढवला, आक्का," मी म्हणते, आणि ती निर्धास्त होऊन आत झोपायला जाते.